डोक्यावर काय टांगायचं?

नव्या घराच्या हॉलमध्ये उभं राहून डिझाईन करणाऱ्या पोराने मोबाईल पुढे केला. स्क्रीनवर पीओपीचं तीन थरांचं सीलिंग होतं. मधोमध गोल खड्डा, कडेने लपवलेली निळी पट्टी आणि जागोजागी खोचलेले बारा दिवे. मी मान हलवत होतो. आमच्या मागे अण्णा, म्हणजे माझे वडील, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी फोटो पाहिला, मग वर स्लॅबकडे पाहिलं आणि विचारलं, "हे सगळं वर टांगायचं?"

"हो काका, लई भारी दिसतंय."

"मग मी नाही यायचो ह्या घरात झोपायला."

पोरगा हसला, त्याला चेष्टा वाटली. मला कळलं होतं की ही चेष्टा नाही.

अण्णा लोहारा तालुक्यातल्या एका गावचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्या वाड्याचं माळवद त्यांच्या अंगावर आलं. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, आईबरोबर तुळजापूरला मामाकडे गेलो होतो, म्हणून हे लिहायला आहे. अण्णा आणि आज्जी वाचले, आत्या वाचली नाही. ती सतरा वर्षांची होती. अनंत चतुर्दशीची मिरवणूक बघून रात्री उशिरा येऊन झोपली होती.

तर आमच्या घरी 'हॉलमध्ये लाईट कुठले लावायचे' हा प्रश्न इंस्टाग्रामच्या रीलवरून सुटण्यासारखा नव्हता. पुढचे दोन महिने मी उजेडाच्या मागे लागलो. ट्रॅक लाईट म्हणजे छताला लावलेली एक अॅल्युमिनियमची पट्टी. तिच्यातून वीज जाते आणि तिच्यावर दिव्यांची तोंडं हवी तिथे सरकवता, फिरवता येतात. हे वाचता वाचता मी आमच्या पाडलेल्या, म्हणजे पडलेल्या, घरात जाऊन पोचलो.

ते घर मला स्वतःला जवळजवळ आठवत नाही. आज्जी २०११ मध्ये गेली, तोवर तिने ते मला शंभरदा सांगितलं. सात खणांचं घर. दगडमातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. वर सागवानी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढरी माती थापून केलेलं माळवद. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी थोडी माती टाकायची. असं पन्नास-साठ वर्षं केलं की दीड-दोन फुटांचा थर होतो. मी एकदा हिशोब केला. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे साधारण सहा ते सात टन. तुमच्या डोक्यावर भरलेला ट्रक उभा आहे आणि तुम्ही खाली वाकळ पांघरून झोपला आहात असं समजा.

पण उन्हाळ्यात ४२ अंशांत ते घर गार असायचं, हेही खरं. लोक मूर्ख नव्हते. आणि हा भाग भूकंपाचा नाही, असं त्यांनाच काय, शास्त्रज्ञांनाही वाटत होतं. देशाच्या भूकंप नकाशात तेव्हा किल्लारीचा परिसर सगळ्यात कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये होता. नकाशा बदलला तो २००२ मध्ये.

अशा घरात खिडक्या नसतातच म्हणा. असली तर एखादी, तीही वीतभर. चोरांची भीती, उन्हाची भीती. उजेड यायचा तो वरून. माळवदाला मुद्दाम ठेवलेल्या भोकातून, ज्याला आमच्याकडे साणं म्हणत. दिवसा त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडायचा आणि तास-दोन तासांनी जमिनीवरून सरकत भिंतीवर जायचा. आज्जी म्हणायची, कवडसा जात्यावर आला की दळण संपायला पाहिजे आणि उतरंडीवर गेला की जेवायची वेळ. पाऊस आला की वर जाऊन साण्यावर झाकण ठेवायचं, मग भर दुपारी घरात दिवा.

आता गंमत बघा. काळोख्या खोलीत वरून एकच उजेडाचा झोत, बाकी सगळं सावलीत. आजकाल डिझायनर लोक ज्याला अॅक्सेंट लाईट म्हणतात आणि त्याचे स्क्वेअर फुटाने पैसे घेतात, ते हेच.

रात्रीसाठी भिंतीत देवळ्या होत्या. देवळी म्हणजे दिवा ठेवायला केलेला छोटा कोनाडा. मी पडक्या गावात जाऊन अर्धवट उभ्या भिंती पाहिल्यात. देवळ्या कुठे आहेत ते नीट पाहिलं की घराचा सगळा दिनक्रम कळतो. चुलीच्या उजव्या हाताला एक. जात्याच्या बाजूला एक. देवापाशी एक. उंबऱ्याच्या बाहेर, सोप्यात एक. आणि बाळंतिणीच्या खोलीत एकदम खाली, जमिनीपासून हातभर, म्हणजे डोळ्यावर उजेड येऊ नये आणि रात्री उठून दिवा सारायला वाकावं लागू नये. प्रत्येक देवळीच्या वर काजळीचा काळा पट्टा. तोही तिथेच, गावाला माणसं सोडून गेली तरी.

देवळी पाच-सहा ठिकाणी असली, तरी दिवा असायचा एक किंवा दोन. तोच दिवा काम असेल तिकडे फिरायचा. आधी करडईच्या तेलाची पणती, मग घासलेटची चिमणी, आणि ज्याच्या घरी थोडं बरं त्याच्याकडे कंदील. आमच्याकडचा कंदील आज्जीच्या सासऱ्यांनी बार्शीहून आणला होता. हा प्रवास ऐकायला साधा वाटतो, पण तेव्हा तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होता. उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात (शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान, त्याच्यावरूनच ते नाव), आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मधे निजामाचा करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. कंदील कडब्याच्या पेंढीत घालून आणला, असं आज्जी सांगायची. ह्यात किती खरं आणि किती तिखटमीठ, देवाला ठाऊक. पण काच फुटू नये म्हणून पेंढीत घातला असेल, हेही तितकंच शक्य आहे.

बार्शी आमच्या भागाला जोडली ती बार्शी लाईट रेल्वेने. १८९७ मध्ये सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी १९११ पर्यंत येडशी, ढोकीमार्गे लातूरला पोचली. नावातल्या 'लाईट'चा अर्थ हलकी. लहानपणी मात्र मला वाटायचं की त्या गाडीला खूप दिवे असणार.

कंदील बहुधा 'प्रभाकर' असावा. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला आणि त्याचा प्रभाकर कंदील मराठी मुलखात घराघरांत गेला. तोवर आपल्याकडे कंदील म्हणजे जर्मनीचा नाहीतर अमेरिकेचा. काच करायची म्हणजे नुसती वाळू वितळवणं नव्हे. गरम काचेवर पावसाचा थेंब पडला तरी ती तडकू नये, हे जमावं लागतं. आमच्या कंदिलाची काच १९९३ पर्यंत तीनदा बदलली. सांगाडा मूळचाच.

तुळजापूर जवळ असल्याने आणखी एक दिवा आमच्या भागात सगळ्यांना माहीत. देवीच्या गोंधळात गोंधळ्याच्या हातात असते ती दिवटी, आणि तिला तेल पाजायला बुधली. भक्तांच्या हातात पेटता पोत. ही दिवटी भिंतीवर कधी नसते, ती हातात असते. कथा सांगणारा पुढे झाला की उजेड पुढे, मागे वळला की उजेड मागे. संबळ वाजत असताना अंगणाचा एवढाच भाग उजळलेला आणि बाकीचं गाव अंधारात बसून बघतंय. स्टेजवरचा फॉलो स्पॉट म्हणा ना.

विजेने हे सगळं थांबवलं.

म्हणजे वाईट केलं असं नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत खांब गावोगावी पोचले. आमच्या घरी पहिला बल्ब आला तेव्हा आज्जीने त्याला हळदकुंकू लावायचा प्रयत्न केला आणि बोट भाजून घेतलं. पण बल्ब एका जागी टांगलेला. खोलीच्या मधोमध तुळईला खिळा, त्याला वायर, वायरीला होल्डर. आता दिवा माणसाकडे येत नव्हता, माणसांना दिव्याखाली यावं लागत होतं. अण्णा सांगतात, सोप्यातल्या एका ४० वॅटच्या बल्बखाली ते अभ्यास करायचे, शेजारी आत्या रांगोळीचे ठिपके काढायची, आज्जी तांदूळ निवडायची आणि आजोबा बिडी ओढत सगळ्यांवर सावली पाडायचे. भांडणं बहुतेक सावलीवरून.

त्या पहाटे तो बल्ब बंद होता. गावातली वीज तशीही पहिल्या धक्क्यातच गेली. अण्णा दोन तुळयांच्या मधल्या पोकळीत अडकले. त्यांनी याबद्दल मला आयुष्यात दोनदाच सांगितलं आणि दोन्ही वेळा जवळजवळ तेच शब्द होते. तोंडात माती. वर काय आहे ते कळत नव्हतं. आत्याचा आवाज थोडा वेळ येत होता, मग यायचा थांबला. आणि मग खूप वेळाने उजवीकडे एक फट राखाडी झाली. "तवा कळलं की दिस उगवलाय. आन् तिकडं भायेर हाय." लोकांनी हातांनी माती उकरून त्यांना काढलं तेव्हा नऊ वाजले होते. पुढचे दिवस पावसाचे होते.

लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आपल्याकडे सगळे याला किल्लारीचा भूकंप म्हणतात. सास्तूरची, आमच्याकडची माणसं अजूनही यावर थोडी नाराज असतात. आमच्या बाजूला तेवढंच झालं होतं.

आधी पत्र्याचे शेड, मग पुनर्वसन. ५२ गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. घरांचं माप जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरला ४५०, त्याहून जास्तीला ७५०. आम्हाला ४५० चं मिळालं. काँक्रीटचा स्लॅब, सरळ गल्ल्या, प्रत्येक खोलीत दारावर एक ट्यूबलाईट. आज्जीला ते घर शेवटपर्यंत आवडलं नाही. "हितं लपायला कुटं जागाच न्हाई," ती म्हणायची. मी वर्षानुवर्षं समजत होतो की ती जागेबद्दल बोलते. आता वाटतं, ती बहुतेक उजेडाबद्दल बोलत होती. दारावरची एक पांढरीफटक ट्यूब खोलीचा कोपरा न् कोपरा सारखाच उजळते, माणसाचं तोंड आजारी दिसतं आणि रडायला आडोसा राहत नाही. त्या वर्षांत आमच्या गल्लीत प्रत्येक घरात रडणारं कोणीतरी होतं.

आणि अण्णा त्या काँक्रीटच्या घरात सहा वर्षं ओसरीत झोपले. नंतर आत आले, ते दाराशेजारी. अजूनही कुठे पाहुणे गेले की आधी वर बघतात.

मधली वर्षं पटकन सांगतो, कारण ती तुम्हालाही माहीत आहेत. भारनियमन, दहावीचा अभ्यास पुन्हा त्याच जुन्या कंदिलावर, मग इन्व्हर्टर, मग सीएफएल. २०१४ मध्ये निळ्या एलईडीसाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २०१५ च्या जानेवारीत सरकारची उजाला योजना सुरू होऊन एलईडी बल्ब गावात स्वस्तात मिळू लागले. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. त्याच सुमाराला आम्ही शहरात प्लॉट घेतला, आणि मग तो पोरगा मोबाईल घेऊन आला.

पीओपी बाद झाल्यावर उरलं काय? स्लॅबच्या खाली एक ट्यूब नाहीतर ट्रॅक. ट्रॅक लाईट घरात आली ती १९६० च्या दशकात अमेरिकेतून. त्याआधी असे झोत नाटकाच्या स्टेजवर आणि दुकानांच्या काचेत असायचे. दुकानदाराचा प्रश्न साधा होता: माल दर आठवड्याला जागा बदलतो, मग दिव्याने का नाही बदलायची? मला हे वाचून चुलीजवळून जात्याकडे जाणारी आज्जीची चिमणी आठवली.

पहिली चूक मी केली. ऑनलाईन दिसायला नाजूक अशी मॅग्नेटिक पट्टी मागवली आणि एका दुकानातून दिव्यांची तोंडं वेगळी घेतली. पट्टी ४८ व्होल्टची, तिला वेगळा ड्रायव्हर लागतो. तोंडं थेट २३० व्होल्टची. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वायरमनने दोन्ही हातात घेतलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी इंजिनिअर आहे हे त्याला सांगायची हिंमत झाली नाही. पट्टी आणि तोंडं एकाच जातीची घ्या. आणि पट्टीत सर्किट किती, ते आधी विचारा. साध्या पट्टीवरचे सगळे दिवे एका बटणावर लागतात. तीन सर्किटची घेतली तर प्रत्येक तोंड कुठल्या बटणावर ठेवायचं ते निवडता येतं. माझ्या दृष्टीने पैसे टाकायची जागा हीच.

दुसरी चूक रंगाची. दुकानदार 'व्हाईट' म्हणून ६५०० केल्विन देतो. म्हणजे पुनर्वसनातली ट्यूब परत. मी ३००० चे घेतले, ते चिमणी नि बल्बच्या जवळचे. खोक्यावर सीआरआय ९० च्या पुढे आहे का तेही पाहिलं, नाहीतर तिखट विटकरी दिसतं आणि माणूस पिवळा.

मग कागद घेऊन बसलो, आणि खोलीचं माप घेण्याआधी एकच केलं: देवळ्या कुठे असत्या, ते ठरवलं. अण्णांची वाचायची खुर्ची. देव्हारा. आत्या आणि आज्जीचा फोटो असलेली भिंत. या पद्धतीचं मला अजूनही कौतुक आहे, कारण हॉल बारा बाय पंधराचा, मग दिवे किती, असं गणित केलं की हमखास दुप्पट दिवे येतात.

फोटोवर उजेड टाकायचा तर झोत उभ्या रेषेपासून ३० अंशांवर हवा. त्याहून सरळ टाकला तर फ्रेमची सावली फोटोवर पडते, त्याहून आडवा टाकला तर काच चमकते. आमची उंची दहा फूट, फोटोचा मध्य साडेपाच फुटांवर. फरक साडेचार फूट, त्याला ०.५८ ने गुणा. पट्टी भिंतीपासून २.६ फुटांवर. फोटोला २४ अंशांचा झोत पुरतो, पाच फुटांवर तो साधारण दोन फूट रुंद पडतो. खुर्चीला ३६ अंशांचा, आणि तो समोरून नाही, डाव्या खांद्याच्या मागून. अण्णा सहासष्ट वर्षांचे आहेत, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. म्हाताऱ्या डोळ्याला उजेड तरुणाच्या दुपटीहून जास्त लागतो, पण तोच उजेड समोरून आला तर सहन होत नाही.

दोन मीटरची पट्टी, दहा वॅटची चार तोंडं. एकूण चाळीस वॅट, म्हणजे सोप्यातल्या त्या एका बल्बएवढे. इन्व्हर्टरवर सहज चालतात. एका तोंडाचा उजेड आठशे लुमेनच्या वर, आणि एक मेणबत्ती साधारण बारा लुमेनची. हे मी अण्णांना सांगितलं. त्यांना त्यात रस नव्हता.

"वजन किती?"

मी म्हणालो, दोन-तीन किलो असेल. ते उठले, धान्य मोजायचा काटा घेऊन आले, पट्टी आणि चारही तोंडं त्यावर ठेवली. दोन किलो सहाशे. मग पीओपीचं विचारलं. आमच्या हॉलला जिप्समचा बोर्ड आणि सांगाडा मिळून दीडशे किलोच्या वर गेला असता. अण्णा काही बोलले नाहीत. बोटाने काट्यावर पट्टी एकदा उचलून पाहिली, परत ठेवली. मग वायरमनला म्हणाले, "स्क्रू लांब घाल. आन् दोन जास्तीचे घाल."

वायरमनने सहा घातले, आधी चार पुरले असते.

तीन तोंडं ठरल्याप्रमाणे लावली: खुर्ची, देव्हारा, फोटो. चौथं मी टीव्हीमागच्या भिंतीसाठी आणलं होतं, उगाच, शोभेला. संध्याकाळी सगळे दिवे लावून बघताना अण्णा स्टुलावर चढायला लागले. मी खाली उतरवलं आणि विचारलं, काय करायचंय?

"हे तोंड तिकडं फिरंव."

तिकडे म्हणजे दाराकडे. मी सरकवत पट्टीच्या शेवटाला नेलं आणि वळवलं. "आनी थोडं खाली." झोत कडीवर आला. "हां. हितंच."

त्याचं बटण वेगळं हवं होतं, त्यांच्या पलंगाशेजारी. पट्टी तीन सर्किटची होती म्हणून जमलं. दुसऱ्या दिवशी वायरमन भिंत फोडून वायर टाकत असताना त्याने विचारलं, काका, रात्री दारावर कशाला लाईट?

"दिसायला," अण्णा म्हणाले, आणि त्याला चहा आणायला आत गेले.